चपलांची लाइन

गेल्या महिन्यात फुलचूरच्या चौकात एक भला मोठा फलक लागला. वर हात जोडून हसणारा एक पुढारी आणि खाली ज्येष्ठांचा सन्मान, आमचं कर्तव्य वगैरे चार शब्द. माझं हार्डवेअरचं दुकान बरोबर त्याच्या समोर आहे. रोज सकाळी शटर वर केलं की तो माणूस मला नमस्कार करतो आणि माझ्या तोंडाची चव जाते. मी खिळे, पत्रे आणि नळाच्या तोट्या विकणारा माणूस, नाजूक बोलायची मला सवय नाही. सरळ सांगतो, मला त्या फलकाची शिसारी येते. आणि ती आली की तेजरामकाका टेंभरे आठवतात.

काका आमच्याच गल्लीतले. घरात ते आणि देवकनकाकी, दोघंच. मुलगी लग्न होऊन बालाघाटकडे गेलेली. मूळचे बिरसीच्या बाजूचे, पण एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि उभं आयुष्य गाडीत गेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अंगातून गाडी काही उतरली नव्हती. अंगणात साधे बोलत उभे असले तरी पाय फाकवून उभे राहायचे, जमीन आता वळण घेणार आहे अशा बेताने. खांद्याला पिशवी अडकवून अडकवून एका बाजूला कलले होते. आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला त्यांनी 'देवकन, चहा' म्हटलं की त्या टोकाला दुसऱ्याच कुणाच्या घरात आधण ठेवलं जायचं. सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणत. त्यांनाही ते आवडायचं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात असताना. मी आमगावहून गोंदियाला यायचो. बाजाराच्या दिवशी गाडी स्टँडला लागायच्या आधीच लोक धावत सुटायचे आणि खिडकीतून रुमाल, टॉवेल, थैल्या, काय हाताला लागेल ते सीटवर टाकायचे. एकदा एकाने चक्क कोंबडी टाकलेली मी पाहिली आहे. रुमाल पडला की सीट झाली, हा कायदा सगळ्या महाराष्ट्राने मानला होता. तेजराम टेंभऱ्यांनी मानला नव्हता. ते आधी गाडीत चढायचे, सगळे रुमाल गोळा करून त्यांचं एक गाठोडं बांधायचे आणि दारात उभे राहून ओरडायचे, "हे कपडे कोनाचे हायेत? घेऊन जा. रुमालाचं तिकीट नाही निघत, तवा रुमालाले सीट बी नाही."

मग जो आधी आला तो आधी आत. टोपल्यात मोहफुलं घेऊन सकाळपासून बसलेल्या बायका आधी आत, आणि कडक इस्त्रीतले लोक मागून. एक दिवस त्या गाठोड्यात एका पुढाऱ्याच्या भाच्याचा रुमाल निघाला. भाचा लाल झाला. "ओळखतोस का मला?" म्हणाला. काका म्हणाले, "ओळखतो ना भाऊ. तुमी टोपलीवाल्या बाईच्या मागं होते." पुढच्या महिन्यात त्यांची देवरीकडच्या जंगलातल्या मुक्कामी गाडीवर बदली झाली. ही हकीकत सांगताना काका दुःख वगैरे काही करायचे नाहीत. उलट त्या भाच्याच्या चेहऱ्याची नक्कल करून हसायचे आणि शेवटी म्हणायचे, "ज्याचं त्याले." हा त्यांचा ठेवणीतला शब्द. भाजीच्या वाटणीपासून देशाच्या कारभारापर्यंत कुठेही लागू पडायचा.

म्हातारपण आलं आणि काकांच्या आयुष्यात दुसऱ्या लाइनी आल्या. पेन्शनची, रेशनची, आधारची, दवाखान्याची. तरुण माणूस सरकारला कधीमधी भेटतो, म्हाताऱ्याला त्याच्याच दारात राहावं लागतं. आमच्याकडच्या उन्हात म्हातारी माणसं तासन् तास उभी राहू शकत नाहीत, म्हणून त्यांनी आपली एक पद्धत पाडून घेतली आहे. खिडकीसमोर आपल्या चपला काढून लाइनीत ठेवायच्या आणि स्वतः झाडाखाली जाऊन बसायचं. खिडकीवरचा एक मोकळा झाला की झाडाखालचा कोणी तरी उठतो आणि सगळ्या चपला एकेक हात पुढे सरकवतो. बँकेसमोर पेन्शनच्या दिवशी जाऊन पाहा. माणूस एक नाही आणि चपलांची ही लांब लाइन, कोणाचा अंगठा शिवलेला, कोणाची टाच झिजून कागद झालेली. त्या लाइनीचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडलेलेही मी फारसे पाहिले नाहीत. चप्पल स्वतःचीच हवी. शेजाऱ्याची आणून ठेवायची नाही. चप्पल ठेवून घरी जेवायला जायचं नाही.

चपला सरकवायचं काम हळूहळू काकांकडे आलं. बाकीचे पायाने ढकलायचे. काका खाली वाकून हाताने उचलायचे आणि जोडीने पुढे ठेवायचे. आपल्याकडे दुसऱ्याच्या चपलेला हात लावणं म्हणजे काय, हे मी कोणाला समजावून सांगायची गरज नाही. त्या लाइनीत सगळ्या वस्त्यांच्या चपला असायच्या. काकांच्याच जातीतले दोघे तिघे एकदा कुजबुजले की टेंभऱ्याने ताळतंत्र सोडलं. काकांनी ऐकलं आणि सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "लात मारून सरकवू का? तुमची बी हाय मधात."

तिथेच आमचे नायबसाहेब होते. निवृत्त नायब तहसीलदार. नाव राहू द्या, सगळे नायबसाहेबच म्हणतात. ते चपला ठेवायचे नाहीत, बूट ठेवायचे, आणि तेही सगळ्यांच्या पुढे. पहिल्या दिवशी काकांनी ते बूट अलगद उचलून शेवटी नेऊन ठेवले. नायबसाहेब उठून आले. म्हणाले, "टेंभरे, मी राजपत्रित अधिकारी होतो." काका हात झटकत म्हणाले, "साहेब, तुमी रिटायर झाले ना? मंग तुमचे बूट काऊन नाही झाले?" झाडाखाली असा हशा पिकला की आतला कॅशिअर बाहेर डोकावला. नायबसाहेबांनी ते कधी विसरलं नाही.

मी एकदा काकांना चिडवलं. म्हटलं, "काका, तेव्हा रुमाल चालत नव्हता आणि आता चप्पल बरी चालते!" वाटलं होतं हसतील. ते गंभीर झाले. "रुमाल थो टाकते ज्याच्या अंगात जोर हाय. चप्पल ठेवाले पयले याव लागते. अन चप्पल ठेवली त मानूस उघड्या पायानं बसते. रुमालवाल्याचं काय जाते, सांग बरं?"

देवकनकाकी मात्र या सगळ्याला वैतागलेल्या असायच्या. ठेंगणी, काटक बाई, जिभेला धार. काका रेशनच्या दुकानात मागच्या बाईला पुढे करून घरी उशिरा आले की त्यांचं सुरू व्हायचं. "यायले लाइन सख्खी अन मी सावत्र." काका ऐकून घ्यायचे. तीस-चाळीस माणसांची भरलेली गाडी ऐकून घेतलेला माणूस, त्याला एका बाईचं काय.

काकींचा एक डोळा फार पूर्वीच काचबिंदूने गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे गेले, मग नुसता उजेड-अंधार राहिला. शेजारणी त्यांना समजवायच्या, म्हातारपणी काय पाहायचं राहिलंय. काकी उसळायच्या. "मले टीव्ही नाही पाहाचा. माया ताटात काय हाय थे त दिसलं पाह्यजे? रेशनच्या तांदुळात अळ्या निघतेत. शीत कोनती अन अळी कोनती, मले समजत नाही. सारं गपगप गिळून राह्यली मी." धानाच्या जिल्ह्यात राहणारी, आयुष्यभर धान रोवलेली बाई. तिच्या ताटातल्या भातात अळ्या आहेत की नाही एवढंच तिला स्वतःच्या डोळ्याने पाहायचं होतं. याहून लहान मागणी मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

खासगीत करणं त्यांच्या आवाक्याबाहेर होतं. राहिला सरकारी दवाखाना. त्याचं नाव घेत नाही. तपासण्या झाल्या, कागद तयार झाले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू फार पिकला आहे, आता थांबू नका, आत दाब वाढला तर हा डोळाही जाईल. सोप्या मराठीत सांगितलं होतं त्यांनी, आम्ही तिघांनी ऐकलं होतं. तिघांनी म्हणजे, काकींना पहाटे नेणार कोण? माझी जुनी व्हॅन आहे, मी न्यायचो. ऑपरेशनसाठी भरती करायचा दिवस आठवड्यातून एकदा. त्या दिवशी खिडकीवर लाइन लागायची आणि जेवढ्या खाटा रिकाम्या तेवढे आत, बाकीचे पुढच्या आठवड्याला.

पहिल्यांदा गेलो तर डॉक्टरांना कुठल्या तरी शिबिराला पाठवलं होतं. दुसऱ्यांदा गेलो तर डोळ्यात बसवायचं भिंगच आलं नव्हतं. खिडकीतली सिस्टर चांगली होती, तिलाच लाज वाटत होती. "मी तरी काय करू काका," म्हणाली. त्या दिवशी परत येताना मी व्हॅनमध्ये विषय काढला. माझा साळा एका पुढाऱ्याच्या ऑफिसात बसतो. एक फोन केला असता तर काकींना दुसऱ्या दिवशी खाट मिळाली असती. हे मी मोठेपणाने सांगत नाही, आमच्याकडे सगळं असंच चालतं आणि असंच चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

काका समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "अन मंग जिची खाट होती तिचं काय?"

मी म्हटलं, "तिचं पुढच्या आठवड्यात होईल ना."

"आपलं काऊन नाही होनार मंग पुढच्या आठवड्यात? तिचा बी डोळाच हाय, बाबू. काही कोहळा नाही."

मागच्या सीटवरून काकी म्हणाल्या, "करू दे ना फोन. जग करते." काका रस्त्याकडेच पाहत राहिले. मला त्यांचा रागच आला होता. तत्त्व त्यांचं आणि डोळा काकींचा, हा कुठला हिशेब?

तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा मे महिना होता. आम्ही उजाडता उजाडता पोचलो तरी चार चपला आधीच लागलेल्या. काकांनी काकींच्या निळ्या पट्ट्याच्या चपला पाचव्या ठेवल्या. त्यांच्या लगेच पुढे सालेकशाकडून आलेली एक मडावी आडनावाची म्हातारी होती. एकटीच आली होती. रात्री स्टँडवर झोपून पहाटे पायी इथवर आलेली. काका तिच्याशी दोन शब्द बोलले, काकींनी तिला डब्यातली अर्धी रोटी दिली. उन्हं वर आली तशी चपलांची लाइन पायऱ्यांवरून खाली उतरली. नायबसाहेबही आले. या वेळी बूट बरोबर शेवटी ठेवले, काकांकडे न पाहता.

मग दवाखान्यात धावपळ सुरू झाली. कोणी चुन्याच्या रेघा मारतोय, कोणी कुंड्या आणून ठेवतोय. इस्त्रीच्या शर्टातला एक साहेब झाडाखाली आला आणि हात हलवत म्हणाला, "आजी-आजोबा, थोडं मागच्या बाजूला बसा. मोठे पाहुणे येताहेत. अर्ध्या तासाचं काम आहे." मी विचारलं, कशाचं उद्घाटन. तो म्हणाला, "ज्येष्ठ नागरिक कक्षाचं."

त्याला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

सगळे उठले. काकांनी वॉचमनला विचारलं, "आमच्या चपला राह्यतीन ना?" तो म्हणाला, "राहतील, राहतील, जा तुम्ही." चपला उचलून बरोबर न्याव्यात असं एकाच्याही मनात आलं नाही. येणार कसं? चप्पल उचलली म्हणजे नंबर सोडला. सगळी म्हातारी माणसं अनवाणी दवाखान्याच्या मागे गेली. तिथे गटार उघडं होतं, बाजूला संडास, माशा घोंगावत होत्या आणि सावली हातभर. काकींनी पदर नाकाला लावला. अर्ध्या तासाची दुपार झाली. समोरून ढोल ऐकू येत होता. मी पुढे जाऊन पाहून आलो. लाल गालिचा, फीत, कॅमेरे, आणि फोटोसाठी एका गाडीतून आणलेले पाच-सहा स्वच्छ, गुबगुबीत म्हातारे, खांद्यावर शाली घेऊन रांगेने बसवलेले. पाहुणे त्यांच्या पाया पडत होते. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी तोच फोटो होता. खाली लिहिलं होतं, ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर समाधान. मी तो पेपर दुकानात खिळे बांधायला वापरला.

गाड्या गेल्या आणि आम्ही समोर आलो. फरशी लख्ख. फिनाईलचा वास. पायरीवर रांगोळी. चपला नाहीत.

कोणाला काही समजेना. वॉचमन मान खाली घालून म्हणाला, "कचरा दिसतो म्हणाले. ट्रॅक्टरमध्ये टाकायला लावल्या." इतक्यात खिडकी उघडली आणि सिस्टर म्हणाली, "कार्यक्रमामुळे उशीर झालाय. आज चारच भरती घेऊ शकते. पटपट या."

यानंतर जे झालं ते मला पाहुण्यांच्या गालिच्यापेक्षा जास्त लागलं आहे. इतकी वर्षं चपलांचा नियम पाळणारी ती माणसं खिडकीवर तुटून पडली. ज्याला त्याला आपण पहिले होतो असं आठवायला लागलं. एका आजोबांनी दुसऱ्याला कोपर मारलं. एक बाई पडली, तिला ओलांडून दुसरी पुढे गेली. आणि सगळ्यांत पुढे, खिडकीचा गज धरून, नायबसाहेब. "मी पहिला होतो, मी अधिकारी आहे," असं ओरडत. पुरावा कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये गेला की माणसं किती लवकर खोटी होतात! मला किळस आली. त्यांची आली, आणि त्यांना तिथवर आणणाऱ्यांची तर आजही येते.

काकांनी आवाज दिला. स्टँडवरचा, जुना. "थांबा!"

सगळे थांबले. सिस्टर म्हणाली, "कंडक्टरकाका, तुम्हीच सांगा कोण कुठे होतं. तुम्ही सांगाल ते लिहिते."

काकी काकांच्या दंडाला धरून उभ्या होत्या. त्या हळूच बोलल्या, पण मी शेजारीच होतो. "आपला चौथा सांगा."

काकांनी पहिले तीन सांगितले. ते तिघे पुढे झाले. मग ते थांबले. मडावीबाई गर्दीत आलीच नव्हती. ती लांब खांबाला टेकून बसली होती, आपला नंबर गेला असं धरून. तिने काही म्हटलं नसतं. कोणीच काही म्हटलं नसतं.

"अवो, तिले काही आठोनार नाही," काकी म्हणाल्या. आता त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "माया डोळा जाते ना हो."

काका म्हणाले, "चौथी थे बाई. खांबापाशी बसली थे. तिची चप्पल आमच्या पुढं होती. मीच आमची तिच्या मागं ठेवली." आणि त्यांनी काकींचा हात घट्ट धरला. काकींनी तो सोडवून घेतला.

इथे गोष्ट संपली असती तर मी काकांना मोठा माणूस म्हणून मोकळा झालो असतो. पण अजून थोडी आहे. सिस्टर नावं लिहीत असताना आतून फोन आला. पाहुण्यांबरोबर आलेल्या कुणाच्या तरी दोन नातेवाइकांना आजच भरती करायचं होतं. वरून सांगितलं होतं. चारातल्या दोन खाटा गेल्या. तिसरा माणूस परत, मडावीबाई परत. सिस्टरने खिडकी लावली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण खिडकी तिने लावलीच.

काकांनी खरं सांगितलं, स्वतःच्या बायकोच्या डोळ्यावर सांगितलं, आणि ते ना काकींच्या कामाला आलं, ना मडावीबाईच्या.

मग ते मागे गेले. कचऱ्याचा ट्रॅक्टर अजून उभा होता. रक्ताचा कापूस, सलाईनच्या नळ्या, उष्ट्या पत्रावळी, आणि त्यात चपला. बाकीचे तापलेल्या डांबरावर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. काका ट्रॉलीत चढले आणि एकेक जोड शोधून खाली देऊ लागले. नायबसाहेब सगळ्यांत शेवटी उभे होते. काकांनी त्यांचे बूट काढले, आपल्या धोतराने पुसले आणि त्यांच्यापुढे ठेवले. नायबसाहेब काही बोलायला गेले. काका म्हणाले, "घाला साहेब, पाय जळून राह्यले तुमचे." काकींची एकच चप्पल सापडली. ती घालून, एक पाय उघडा, त्या व्हॅनमध्ये बसल्या. मडावीबाईला आम्ही स्टँडवर सोडलं. पुढच्या आठवड्यात ती आली की नाही, मला माहीत नाही.

मी त्याच संध्याकाळी काकांना न विचारता साळ्याला फोन केला. तो म्हणाला, डॉक्टर सुट्टीवर गेले, आल्यावर पाहू. ते यायच्या आतच काकींचा डोळा ठणकायला लागला, लाल झाला, उलट्या सुरू झाल्या. धावतपळत नेलं. दुसरेच एक डॉक्टर होते, तरुण. त्यांनी टॉर्च मारली आणि मान हलवली. "दाब वाढून नस गेली. फार उशीर केलात तुम्ही लोकांनी."

उशीर आम्ही केला. मी त्या पोराची गचांडी धरायला पुढे झालो होतो. काकांनी मला मागे ओढलं. ते म्हणाले, "हो साहेब. उशीर झाला." एवढंच.

त्यानंतर काका बँकेच्या झाडाखाली दिसायचे, पण चपला सरकवायला उठायचे नाहीत. दुसरा कोणी तरी पायाने ढकलायचा. काका पाहायचे आणि मान फिरवायचे. घरी मात्र रोज दुपारी अंगणात सूप घेऊन बसत आणि रेशनचा तांदूळ एकेक दाणा निवडत. भरल्या ताटावर काकींना सांगत, "आज दोन अळ्या निघाल्या, काढल्या." काकी कपाळाला हात लावायच्या. "मले कायले सांगता? जेवू द्या ना." पण काका सांगायचेच. निघाल्या त्या सांगायच्या, असा त्यांचा कायदा. काकी त्यांच्याशी बोलायच्या, पण पहिल्यासारख्या भांडायच्या नाहीत. आणि गल्लीला ते जास्त टोचायचं.

काका गेले त्याच्या आधी थोडेच दिवस मतदान होतं. मी त्यांना नीट पाहिलं ते त्या दिवशी, शेवटचं. शाळेत केंद्र होतं. लाइन वर्गाच्या दारापासून निघून हापशीपर्यंत आणि हापशीला वळसा घालून फाटकापर्यंत गेली होती. मी मध्यावर होतो. माझ्या चार माणसं पुढे नायबसाहेब. ऊन चढलं होतं, लोक कावले होते. फाटकातून काका आले, दंडाला काकी. काका सवयीने शेवटी जाऊन उभे राहायला वळले, तोच गळ्यात बिल्ला घातलेला एक तरुण कर्मचारी धावत आला. त्याच्यामागे एक फोटोवाला.

"आजोबा, आजी, तुम्ही इकडे. ज्येष्ठांना आज लाइन नाही. सरळ आत चला." काय तो गोडवा! चाकांची खुर्ची पण आणली होती.

काकी जागच्या जागी थांबल्या. खुर्ची त्यांनी हाताने बाजूला केली. त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते, पांढुरके, आणि चेहरा काकांच्या आवाजाकडे वळलेला.

"आपल्या पुढं किती लोकं हायेत?" त्यांनी विचारलं.

काकांनी लाइनीकडे पाहिलं. दारापासून हापशीपर्यंत, हापशीपासून फाटकापर्यंत, एकेका माणसाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, नायबसाहेबांकडे पाहिलं. मग काकींचा हात आपल्या दंडावर नीट बसवला.

"कोनी नाही," ते म्हणाले. "आपुनच पयले हाओ."

"मंग चाला," काकी म्हणाल्या.

ते दोघं आमच्या सगळ्यांच्या पुढून हळूहळू दाराकडे गेले.